किती हातात पडतात?



कामगार-संघटनेच्या माणसाने फ्रेंच बोलीवर व्याख्यान द्यावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमची शाळा सातवीत सुटली. फ्रेंच आम्ही पाळी संपल्यावर, एका जुन्या पाठ्यपुस्तकावरून शिकलो. त्यात पगार विचारण्याचे वाक्य होते : 'कोंबियँ गान्ये-वू?' कोंबियँ म्हणजे किती. किती मिळवता आपण? पुढे एका परिषदेत फ्रेंच कामगारांची बोली कानी पडली, तेव्हा कळले की आपसांत असे कोणी विचारीत नाही. तिथे 'किती' शेवटी येते : 'त्यु तुश कोंबियँ?' तुश म्हणजे हात लावणे. तू कितीला हात लावतोस? आमचा गिरणीतला माणूसही हेच विचारी, 'हातात किती पडतात?'

दोन्हीकडे कारण एकच. कागदावरचा आकडा निराळा, हातातला निराळा. म्हणून पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : 'ब्र्युत ऊ नेत?' कपातीपूर्वीचा की कपातीनंतरचा? 2019 पासून तिकडे आयकरही पगारातूनच कापला जातो. तेव्हा 'नेत' म्हणजे कोणता, हेही विचारावे लागते.

दुकानात 'सा फे कोंबियँ?', किती झाले, एवढे पुरते. नळ दुरुस्त करणाऱ्याला मात्र आडून विचारतात : 'सा व्हा शेर्शे दाँ ले कोंबियँ?' शब्दशः, हे काम कितीच्या घरात शोधायला जाईल? नेमका आकडा मागायचा संकोच वाटला की भाषा अशी वळसा घेते.

उत्तर समजणे त्याहून कठीण. बोलीत फ्रँकला 'बाल' म्हणत. 1 जानेवारी 1960 रोजी शंभर जुन्या फ्रँकांचा एक नवा फ्रँक झाला. तरी 'साँ बाल', म्हणजे शंभर बाल, असे म्हणून लोक एकच नवा फ्रँक मागत. 2002 साली युरोची नाणी आली, आणि आज 'दी बाल' म्हणजे दहा युरो. नाणे मरते, नाव उरते. आपल्याकडे 1957 साली दशमान नाणी आली, तरी 'चार आणे, आठ आणे' तोंडातून गेले का?

शब्द एवढे असूनही तिकडे परक्याला, कित्येकदा सहकाऱ्यालाही, पगार विचारणे असभ्य समजतात. यात आम्ही त्यांना हसणार नाही. विशीत आम्ही एका कारखान्यात लागलो. शेजारच्या यंत्रावरचा सोबती आमच्याआधी लागलेला. काम तेच, तास तेच. तीन वर्षे आम्ही एका डब्यात जेवलो, त्याच्या घरची सुखदुःखे जाणली, पण पगार कधी विचारला नाही. एके दिवशी त्याची पगाराची चिठ्ठी खाली पडली, ती आम्ही उचलून दिली. त्याला आमच्यापेक्षा दरमहा ऐंशी रुपये कमी होते. 'याहून जास्त कोणालाच नाही,' असे त्याला सांगण्यात आले होते. आम्ही एकदा विचारले असते, तर ते खोटे पहिल्याच महिन्यात उघडे पडते. आम्हांला वाटलेली सभ्यता त्याला तीन वर्षे महागात पडली. आमची संघटना त्या चिठ्ठीपासून सुरू झाली, भाषणापासून नव्हे.

2023 साली युरोपीय संघाने याच प्रश्नावर एक निर्देश काढला. उमेदवाराचा आधीचा पगार मालकाने विचारू नये. समान काम करणाऱ्या स्त्रियांना व पुरुषांना सरासरी काय मिळते, हे मात्र कामगाराला विचारता यावे. आणि स्वतःचा पगार सांगण्यास कोणावर बंदी नसावी. म्हणजे 'किती' हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा, हे कायद्याला ठरवावे लागले.

कायदा विचारण्याचा हक्क देतो; तोंड आपल्यालाच उघडावे लागते. उद्या सकाळी कामावर गेल्यावर शेजारच्याला विचारा. आधी आपला आकडा सांगा, मग त्याचा विचारा. फ्रेंचमध्ये विचारले नाही तरी चालेल.