बाराव्या क्रमांकाची गोष्ट

(शिबिरात 'बाई आणि अधिकार' ह्या सत्रात केलेले भाषण)



फ्रान्समधला पुरुषांचा फुटबॉल, त्यातही दुसऱ्या श्रेणीचा, ह्याच्याशी आपला काय संबंध असे तुमच्यापैकी काहीजणींना वाटेल. पण पद मिळणे आणि अधिकार मिळणे ह्यांतला फरक इतका स्वच्छ दाखवणारी गोष्ट मला दुसरी ठाऊक नाही.

क्लेर्मों-फेराँ हे मध्य फ्रान्समधले शहर, मिशेलिन टायरचे गाव. तिथला फुटबॉल क्लब २०१४ साली दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. ह्या श्रेणीत तेव्हा वीस संघ होते. प्रत्येकाला ३८ सामने खेळावे लागत. पहिले तीन वरच्या श्रेणीत जात, शेवटचे तीन खाली घसरत. बेताच्या पैशांत चालणाऱ्या क्लबांना टिकून राहण्याचीच भ्रांत.

मे २०१४ मध्ये ह्या क्लबाने पोर्तुगालच्या हेलेना कॉस्टा ह्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. फ्रान्सच्या वरच्या दोन श्रेणींत पुरुषांचा संघ बाईच्या हाती देण्याची ही पहिलीच वेळ. जगभर बातम्या झाल्या, फोटो छापून आले. आणि जूनमध्ये, एकही सामना होण्यापूर्वी, कॉस्टांनी राजीनामा दिला. त्यांचे म्हणणे असे की खेळाडू कोण घ्यायचे, सरावाचे सामने कुणाशी ठेवायचे, हे त्यांना न विचारता ठरत होते. त्यांना आणले होते ते केवळ चेहरा म्हणून. क्लबाचे अध्यक्ष क्लोद मिशी ह्यांची पहिली प्रतिक्रिया काय होती? ती बाई आहे, तेव्हा कारण काहीही असू शकेल, अशा अर्थाची! पुरुषाने राजीनामा दिला तर भांडण कशावरून झाले ते विचारतात. बाईने दिला तर तिचे बाई असणे हेच कारण ठरते. आपल्याकडे ह्याला शब्द आहे : सहीपुरती बाई. कॉस्टांनी सहीपुरते राहायला नकार दिला.

त्यांच्या जागी काही दिवसांतच कोरिन दियाक्र आल्या. फ्रान्सच्या महिला संघातून १२१ सामने खेळलेल्या, संघाच्या माजी कर्णधार, आणि फ्रान्समधली प्रशिक्षकाची सर्वोच्च पदविका मिळवणाऱ्या पहिल्या बाई. ४ ऑगस्ट २०१४ ला, त्यांच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पहिला सामना झाला. ब्रेस्टच्या संघाने तो २-१ असा जिंकला. कॅमेरे होतेच. पण पुढे आठवड्यामागून आठवडे सामने होत राहिले आणि कॅमेरे पांगले. उरले ते रोजचे काम : सराव, संघनिवड, कुणाला बाहेर बसवायचे त्याचा निर्णय. मे २०१५ मध्ये हंगाम संपला तेव्हा क्लेर्मों बारावा होता.

बारावा क्रमांक ही काय मिरवायची गोष्ट? माझ्या मते, आहे. बाईला दोनच जागा दिल्या जातात : चमत्कार कर, नाहीतर 'बायकांना झेपत नाही' ह्याचा पुरावा हो. पुरुष प्रशिक्षक दरवर्षी बारावे येतात आणि त्यावरून पुरुषजातीची परीक्षा कुणी घेत नाही. दियाक्र बाराव्या आल्या आणि कामावर राहिल्या. पुढच्या हंगामात संघ सातवा आला. तीन हंगाम त्यांनी पुरे केले. २०१४ मध्येच स्तेफानी फ्रापार ह्यांनी ह्याच श्रेणीत पंच म्हणून शिट्टी हाती घेतली. २०२२ च्या पुरुषांच्या विश्वचषकात जर्मनी आणि कोस्टारिका ह्यांच्या सामन्यात त्याच मुख्य पंच होत्या.

गोष्ट इथे गोड करून संपवता येईल, पण ते खरे होणार नाही. २०१७ मध्ये दियाक्र फ्रान्सच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. २०२३ च्या सुरुवातीला कर्णधार वेंदी रेनार आणि आणखी काही खेळाडूंनी सध्याच्या परिस्थितीत आपण खेळणार नाही असे जाहीर केले, आणि मार्चमध्ये दियाक्र ह्यांना पदावरून दूर केले गेले. म्हणजे वर बाई बसली की खालच्या बायकांचे प्रश्न आपोआप सुटतात असे नाही. अधिकार आला की जाब देणेही आले, मग ती बाई का असेना.

तेव्हा उद्या तुमच्यापैकी कुणाला पद देऊ केले, तर हारतुरे घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : माणसे कोण नेमणार? पैशाचा निर्णय कोण घेणार? आणि माझ्यावाचून ठरलेली गोष्ट मला मोडता येईल का? उत्तरे मिळाली नाहीत, तर कॉस्टांसारखे उठून जाण्यात कमीपणा नाही. मिळाली, तर बारावे यायलाही कचरू नका.