नाली चोक होते नळीत, पण तिचं कारण भांड्यात असतं

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय विषय झाला? विषय आहे नाली. घरामागच्या छोट्या शेडची, आणि तीही आपल्या मोहाडीतली, कोशाचं काम चालणाऱ्या शेडची.

भंडाऱ्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगतो. मोहाडी तालुक्यात, मोहाडी-आंधळगावच्या बाजूला, कोष्टी समाजाचं हातमागाचं काम जुनं आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर टसरचा किडा वाढतो, त्याच्या कोशाचं सूत म्हणजे कोसा. करवत काठी साडी इकडचीच. अंगात कोसा, काठाला रंगवलेलं सुती सूत, आणि काठावर करवतीसारखे दात. जीआय मानांकन मिळालेली साडी आहे ही. साडी सगळ्यांना दिसते. ती विणायच्या आधी नालीत काय काय जातं, ते कोणी बघत नाही.

माझ्या मामाजींची अशी शेड आहे. कोश उकळणं, सूत काढणं, सूत धुणं, काठाचं सूत रंगवणं, ताण्याला खळ देणं, सगळं एका छपराखाली. आणि पाणी जायला नाली एकच. ती चोक झाली की पाणी फरशीवर येतं, भट्टी विझवावी लागते, आणि सूत काढणाऱ्या बायांची त्या दिवसाची रोजी बुडते. म्हणजे विषय नालीचा असला तरी प्रश्न रोजीचा आहे.

मी कंप्यूटरवाला माणूस. आमच्याकडे काही बंद पडलं की आधी लॉग बघतात, काय झालं, कधी झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं. मी मामाजींना तेवढंच म्हटलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन शब्द लिहा. आज कोणतं काम केलं, आणि नाली कशी वाहते. मामी लिहायला लागल्या. दोन महिन्यांनी कॅलेंडर वाचलं तर एक गोष्ट सरळ दिसली. सगळ्यांचा संशय रंगावर होता. पण रंगाच्या दिवशी नाली ठीक वाहायची. ती मंदावायची खळीच्या दुसऱ्या दिवशी, आणि साबण-सोड्यात सूत उकळल्यावर.

का? विरघळलेला रंग पाण्यासोबत निघून जातो. अडकतात त्या तीन गोष्टी वेगळ्या.

पहिली, कोशाचा डिंक. किडा धागा चिकटवायला जो डिंक वापरतो त्याला सेरिसिन म्हणतात. तो एक प्रकारचं प्रोटीन आहे. गरम पाण्यात, सोड्यात तो सुटतो, म्हणून तर आपण कोश उकळतो. पण घट्ट पाणी थंड झालं की तो जेलीसारखा धरतो. भांड्यात पातळ, नळीत चिकट.

दुसरी, खळ. आपला धानाचा जिल्हा, तांदळाची पेज फुकट म्हणा ना. उरलेली खळ नालीत ओतली की ती तळाशी बसते, आंबते, तिचा थर होतो.

तिसरी, सूत आणि साबण. तुटके धागे एल्बोत अडकतात, जाळं तयार होतं. बोअरचं पाणी जड असलं की साबणाचा फेस होत नाही, पांढरा चोथा होतो. तो या जाळ्यावर बसतो. मग डिंक आणि खळ त्याला लिंपून टाकतात. कुडाची भिंत कशी बांधतात? आधी काड्या, मग लिपण. तसंच हे.

आता आपल्याकडचा ठरलेला उपाय. नाली चोक झाली की कोणीतरी म्हणतं, "ॲसिड टाक न बाप्पा, मोकळी होते." थांबा जी! साबणाच्या पाण्यात ॲसिड पडलं की साबण फुटतो आणि त्यातली चरबी वेगळी होऊन तरंगते. सेरिसिनही आंबट पाण्यात विरघळायच्या ऐवजी साकळतं. सुती धाग्याच्या गुंत्यालाही ॲसिड लगेच मोकळं करत नाही. म्हणजे पैसे देऊन आपण नळीत आणखी गाळ तयार करतो. वरून, आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर ॲसिडसोबत क्लोरीन वायू निघतो. बंद शेडमध्ये तो जीवावर बेततो.

कॉस्टिक सोडाही तसाच. तो रेशीम विरघळवतो, सुती धागा नाही. आणि डोळ्यात एक थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते.

मग उकळतं पाणी? तेही पीव्हीसीच्या नळीत नको. पीव्हीसी साधारण ७५-८० अंशांना नरम पडते, जोड सुटतात, नळी मधेच लोंबते. लोंबली की तिथे पाणी साचणार आणि पुढचा चोक तिथेच होणार.

मग करायचं काय? क्रमानं सांगतो.

सगळ्यात आधी पाणी टाकणं बंद. जाळी उचला, हातमोजा घालून ट्रॅपमधला गुंता काढा. बहुतेक वेळा काम इथेच होतं. नाही झालं तर चेंबरचं झाकण बाजूला करून दुरून बघा. चेंबर कोरडं असेल तर अडथळा शेड आणि चेंबरच्या मधे आहे. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा पुढे आहे. एवढं कळलं की अर्धी मेहनत वाचते. मग प्लंबरची स्प्रिंग घाला, फिरवत फिरवत, आणि गुंता बाहेर ओढा. पुढे ढकलू नका. बांबूची कामटी सरळ नळीत चालते, वळणावर मोडते आणि तीच अडकते. शेवटी हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पाणी, दोन-तीन बादल्या, एकदम ओता. डिंक आणि खळ सुटतात.

आता पुन्हा होऊ नये म्हणून. मामाजींच्या शेडमध्ये आम्ही चार गोष्टी केल्या.

एक, उकळलेलं पाणी थेट नालीत जात नाही. ते रात्रभर ड्रममध्ये थंड होतं. जो गाळ बसायचा तो ड्रममध्ये बसतो. वरचं पाणी भरपूर साध्या पाण्यासोबत सोडायचं. आधी डिंक धरायचा तो नळीत, आता आपल्या डोळ्यांसमोर धरतो.

दोन, खळीचं भांडं आधी पुसायचं, मग धुवायचं. आणि खळ मोजून करायची. उरलीच नाही तर टाकायचा प्रश्न नाही.

तीन, नालीच्या तोंडाशी दोन जाळ्या. वर मोठ्या छिद्रांची, खाली मच्छरदाणीसारखी बारीक, स्टीलची. कोशातले किडे, सालपटं, धागे तिथेच थांबतात. रोज संध्याकाळी जाळी झटकायची, भट्टी विझवण्याआधी. रंग लागलेला गाळ वेगळा ठेवायचा, तो शेतात नाही टाकायचा.

चार, नळी. चार इंची नळीला दर मीटरला दीड ते दोन सेंटीमीटर उतार हवा. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड लावा. आणि जिथे वळण आहे तिथे झाकणवाला बेंड. दुकानात डोअर बेंड मागा. फरशी न फोडता स्प्रिंग घालता येते.

यात महागडं काय आहे? काहीच नाही. मुख्य गोष्ट एवढीच की नाली कोणाचीच नव्हती, आता ती संध्याकाळच्या कामात आली.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. नाली नेहमी चोक होत राहिली की गाळ पुढे जाऊन खड्डा भरतो, टाकी भरते. मग कोणीतरी म्हणतं, एका माणसाला दोनशे-चारशे देऊन आत उतरवू. हे करायचं नाही. सडणाऱ्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून माणूस उतरतो आणि परत वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूसाठी भरपाई ३० लाख केली. पण गेलेला माणूस ३० लाखांनी येतो का? टाकी भरली तर उपसा करणारी गाडी बोलवा. गाडी यायला दोन दिवस लागले तर दोन दिवस काम बंद ठेवा.

मामाजी मला म्हणाले, "एवढ्याशा जाळीसाठी एवढं भाषण?" मी म्हटलं, मामाजी, जाळी आपण झटकली नाही तर खाली कोणाला तरी उतरावं लागते. तो कोण असेल, हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

तर मंडळी, तुमच्या शेडमध्ये रंग असो, साबण असो की राईस मिलचा कोंडा, आजपासून कॅलेंडरवर दोन शब्द लिहायला लागा. दोन महिन्यांनी काय दिसलं ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.