दोष कोणाच्या माथीं?



कर्जाचें संकट ओढवलें म्हणजे समाज अगोदर अपराधी शोधतो आणि कारणें मागाहून. अशा वेळीं बोट बहुधा दोघांकडे वळतें: एक गरीब, दुसरा परका.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा जमाव सावकारांवर चालून गेला. हा वणवा अहमदनगर जिल्ह्यांतहि, म्हणजे आम्हां सिन्नरकरांच्या शेजारींच, पसरला. लोकांनीं मुख्यतः कर्जरोखे जाळले. पुढें सरकारनें चौकशीस आयोग नेमला.

कुणबी उधळा, लग्नांत पैसा उडवितो, हा तेव्हांचा रूढ समज. आयोगास आढळलें तें निराळें: एखाद्या लग्नापेक्षां धान्य, बीं-बियाणें, बैल आणि सारा यांसाठीं वारंवार काढलेल्या लहान रकमांनींच कर्ज अधिक फुगलें होतें.

दुसरा समज असा, कीं सारें पाप मारवाडी व गुजर वाण्यांचें. जेथें ब्राह्मणादि इतर जातींचे सावकारहि तोच धंदा करीत, तेथेंहि मार बहुधा मारवाड्यांनाच बसला, अशी आयोगाची नोंद आहे. धंदा एकच, शिक्षा मात्र परकेपणाला!

लबाड सावकार नव्हतेच, असें मी म्हणत नाहीं. परंतु त्यांच्या हातीं बळ कोठून आलें? १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीमुळें येथील कापसास सोन्याचा भाव आला व कर्ज सढळ मिळूं लागलें. युद्ध संपलें, भाव कोसळला, सावकारांनीं हात आखडला. त्याच सुमारास अनेक तालुक्यांत सारा वाढला, आणि तो रोखीनेंच भरणें भाग होतें. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळें दर कांहीं वर्षांनीं रोखा नवा करावा लागे, व प्रत्येक वेळीं व्याज मुद्दलांत मिसळे. १८७९ च्या कायद्यानें रोख्यामागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. दोष व्यवस्थेंत होता, याची ती एक प्रकारें कबुलीच होय.

हाच खेळ अमेरिकेंत २००८ सालीं झाला. घरांवरील कर्जें बुडालीं, मोठमोठ्या पेढ्या कोसळल्या. कित्येकांनीं खापर फोडलें तें गरीब व कृष्णवर्णीय ऋणकोंवर, आणि त्यांच्या वस्त्यांना कर्ज मिळावें म्हणून १९७७ सालीं झालेल्या कायद्यावर. २०११ सालीं तेथील चौकशी आयोगानें निर्वाळा दिला, कीं चढ्या व्याजाच्या कर्जांपैकीं अवघ्या ६ टक्क्यांचाच त्या कायद्याशीं कांहीं संबंध होता.

आजहि शेतकऱ्याचें कर्ज थकलें कीं लग्नाच्या मांडवाकडे बोट दाखविणारे भेटतात. त्यांस एवढेंच विचारावें: बाजारभाव कोणीं पाडला, कर्जाच्या अटी कोणीं लिहिल्या, आणि त्या व्यवहारांत नफा कोणास झाला? या तीन प्रश्नांचीं उत्तरें हातीं येईपर्यंत कोणाच्याहि जातीचें वा दारिद्र्याचें नांव तोंडीं आणूं नये, ही माझी नम्र विनंती.