हिवताप मेंदूपर्यंत पोहोचतो तेव्हा

(पंच, शिक्षक व ग्रामस्थ यांच्या आरोग्य मेळाव्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



हिवताप आपल्या इतक्या ओळखीचा झाला आहे की त्याची भीतीच वाटेनाशी झाली आहे. थंडी वाजली, ताप चढला, घाम सुटून उतरला, गोळ्या घेतल्या की माणूस कामाला लागतो, असा आपला अनुभव. तो बहुतांशी व्हायवॅक्स जातीच्या जंतूंचा. फाल्सिपेरम ही जात निराळी आहे, आणि आज मला तिच्याविषयीच बोलावयाचे आहे.

हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो, याचा भक्कम पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेस मिळाला. तेथून पुढची हकीकत आपण शाळेत शिकलो आहोत. जे सहसा शिकविले जात नाही ते असे की, फाल्सिपेरमने ग्रासलेली तांबडी रक्तपेशी अतिसूक्ष्म केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. कुळागरातील पाटात पालापाचोळा अडकला की पुढची झाडे पाण्यावाचून राहतात; मेंदूत तसेच घडते. प्राणवायू व शर्करा पोहोचेनाशी होते. लहान मुलांत मेंदूला सूजही येते. मलावी देशातील ज्या मुलांच्या मेंदूचे चित्रण करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांपैकी दगावलेल्या बहुतेकांत ही सूज फार वाढलेली आढळली.

पेशी अशा आत दडून बसत असल्याने बोटातून घेतलेल्या रक्तात जंतू कधीकधी दिसतच नाहीत. म्हणून काचपट्टीवर एकदा काही आढळले नाही, एवढ्यावरून निर्धास्त राहू नये. लक्षणे असतील तर तपासणी पुन्हा करावी. शिवाय या तापाला पाळी असतेच असे नाही. ‘थंडी वाजत नाही, तेव्हा हिवताप नव्हे’ ही समजूत घातक आहे.

तापाचा रोगी असंबद्ध बोलू लागला, हाकेला ओ देईना, त्याला आकडी आली, की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. कोणी कांदा हुंगवतो, कोणी घाड्याला बोलावणे धाडतो. श्रद्धेविषयी मी वाद घालणार नाही. परंतु अंगारा लावण्यात रात्र गेली तर सकाळी आमच्या हाती फारसे काही उरत नाही. उपचाराविना हा विकार बहुधा प्राणघातक ठरतो, आणि उत्तम उपचार होऊनही काही रोगी दगावतातच. रोग्याला कुशीवर निजवावे, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी, चहा, औषध काही घालू नये, आणि मिळेल त्या वाहनाने इस्पितळ गाठावे.

पूर्वी कोयनेल हेच आमचे अस्त्र होते. २००५ साली भारतासह आशियातील चार देशांतील रोग्यांवरील तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला: कोयनेल दिलेल्यांत शेकडा २२ मृत्यू, आर्टेसुनेटचे इंजेक्शन दिलेल्यांत शेकडा १५. तेव्हापासून आर्टेसुनेटला अग्रमान आहे. मोठ्या इस्पितळात पाठविण्यापूर्वीच प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची पहिली मात्रा देता येते. तेथील सहकाऱ्यांनी ती देण्यास कचरू नये. रक्तातील शर्करा तपासण्याचेही विसरू नये, कारण ती घसरल्यानेही रोगी बेशुद्ध राहतो. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड देण्याची पद्धत मात्र १९८२ सालीच चुकीची ठरली. त्याने बेशुद्धी लांबते.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी. बरे झालेले मूल वर्गात परत येते, पण पूर्वीसारखे असतेच असे नाही. युगांडातील पाहणीत अशा मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या मुलांत दोन वर्षांनंतरही स्मरण, लक्ष वा आकलन यांत उणीव दिसली. काहींना पुढे अपस्मार जडतो. असे मूल पाढा विसरले तर छडी उगारण्याआधी त्याच्या आजाराची चौकशी करावी व पालकांसह त्याला आमच्याकडे पाठवावे.

पंचांकडे एक मागणी आहे. गोव्यात इमारतींच्या कामावर ओडिशा, झारखंड, छत्तीसगड येथून मजूर येतात. तेथील काही भागांत फाल्सिपेरम बराच आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. उघड्या टाक्यांतील डास आपलेच असतात. आपल्या वाड्यावर नवे बांधकाम सुरू झाले की पहिल्या आठवड्यातच आरोग्य केंद्रास कळवावे. रक्तनमुने घेण्यास आमचा माणूस येईल. टाक्यांवर झाकणे बसवून घेण्याचे काम पंचायतीने करावे.

प्रश्न असल्यास आता विचारावेत.