क्रोशाची सुई आणि हिशेबाची वही
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



हस्तकला प्रदर्शनातील क्रोशाच्या टोप्या, रुमाल आणि तोरणे आपण आताच पाहिली. तेथे एका विद्यार्थिनीला मी विचारले, "हीच टोपी थोडी मोठी करायची झाली तर?" ती म्हणाली, "सर, आपांनी दाखवली तेवढीच येते." दोष तिचा नाही. तिच्या हातात आपण फक्त सुई दिली. रचना करण्याची साधने दिली नाहीत.

सुईपासूनच सुरुवात करू. बारीक सुतासाठी एक-दीड मिलिमीटरची पोलादी सुई लागते, तर लोकरीसाठी साधारण तीन ते पाच मिलिमीटरची. सुई बदलली की त्याच टाक्यांची टोपी लहान-मोठी होते, म्हणून सुईचा आकडा लिहून ठेवावा. जाड लोकरीसाठी आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूचीही सुई करता येते. बांबू पक्का व वाळलेला हवा, आणि आकडा पॉलिश-कागदाने इतका गुळगुळीत हवा की धागा अडकू नये.

दुसरे साधन टेप. काम सुरू करण्यापूर्वी लहानसा नमुना विणावा, धुऊन वाळवावा आणि 10 सेंटिमीटरमध्ये किती खांब बसतात ते मोजावे. समजा, 24 बसले. डोक्याचा घेर 56 सेंटिमीटर असेल, तर सुमारे 134 खांब हवेत. टोपीचा माथा 12 खांबांनी सुरू करून प्रत्येक फेरीत 12 वाढवले, तर अकराव्या फेरीला 132 होतात. वीण थोडी ताणते, त्यामुळे तेवढे पुरतात. माथा वाटीसारखा वळला तर वाढ कमी पडली आणि झालर पडली तर वाढ जास्त झाली, असे समजावे. हीच झालर मुद्दाम पाडून 1997 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डायना तैमिना या गणितज्ञ बाईंनी भूमितीतील एक अवघड पृष्ठभाग विणून दाखवला!

तिसरे साधन आलेखाची वही. भरलेला चौकोन म्हणजे खांब, रिकामा चौकोन म्हणजे जाळी. मोर असो की वेलबुट्टी, आधी कागदावर चुका कराव्यात. कागदावरची चूक खोडता येते, सुताची उसवावी लागते. फेरीच्या खुणेसाठी सेफ्टी पिन, टोके लपवण्यासाठी बोथट सुई आणि लहान कात्री एवढे जवळ असले म्हणजे झाले.

चौथे साधन हिशेबाची वही. सिरोंच्याजवळ प्राणहिता ज्या गोदावरीला मिळते, तिच्याच काठी, पुढे समुद्राजवळ नरसापूर आहे. तेथील स्त्रियांची क्रोशाची लेस परदेशी जाते. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी 1982 साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. दिवसाचे कितीतरी तास त्या विणत, पण लोक त्याला फावल्या वेळचे काम समजत आणि मजुरी अगदी तुटपुंजी मिळे. आपल्या घरांत याहून वेगळे काय घडते? म्हणून सूत किती लागले, किती तास बसलो, हे प्रत्येक वस्तूसाठी लिहावे. तास लिहिलेले नसतील तर भाव समोरचाच ठरवतो.

माझी अम्मी सुरेख टोप्या विणत असे. नमुने सारे तिच्या डोक्यात होते आणि तिच्याबरोबरच गेले. आज घरात तिची सुई आहे. त्या नमुन्यांतला एकही आम्हां भावंडांना येत नाही.

पालकहो, मुलीला सुई घेऊन द्याल तेव्हा टेप व वहीही द्या. आणि मुलांनो, बहिणीची वही पाहून गणित तुम्हीही शिका. क्रोशा मुलग्यांना वर्ज्य नाही.