मूठभर तांदळाची वर्गणी

धर्मकार्यास पैसा कोण देतो, असा प्रश्न निघाला म्हणजे बहुधा श्रीमंतांचींच नांवें पुढें येतात. घाटाच्या पायऱ्यांवर, धर्मशाळेच्या कमानीवर, देवळाच्या फरशीवर दात्यांचीं नांवें कोरलेलीं असतात, आणि चर्चच्या भिंतींवरील पितळी पाट्याहि या रीतीस अपवाद नाहींत. भारताच्या पूर्वेकडील अगदीं टोंकाच्या डोंगरांत, मिझोराममध्यें, एका ख्रिस्ती समाजानें मात्र शंभरांहून अधिक वर्षें आपल्या मंडळीच्या निधीचा मोठा भाग अशा पाट्यांवांचून उभा केला आहे. तेथील दाता म्हणजे चुलीपुढें बसलेली गृहिणी, आणि तिची देणगी म्हणजे तांदूळ आधणांत वैरण्यापूर्वीं बाजूस काढलेली एक मूठ.

या प्रथेस मिझो भाषेंत ‘बुफाय थाम’ म्हणतात. ‘बुफाय’ म्हणजे सडून स्वच्छ केलेले तांदूळ व ‘थाम’ म्हणजे मूठ. शब्द नीट पारखून घेण्याजोगा आहे. मूठ साळीची नव्हे, सडलेल्या तांदळाची आहे. पूर्वींच्या मिझो घरांत हा तांदूळ तयार करणें हें बायकांचें रोजचें काम असे. पहांटे उखळांत साळ कांडावयाची, ती पाखडावयाची, उतारावरील झऱ्यापर्यंत जाऊन बांबूच्या नळ्यांत पाणी भरावयाचें आणि त्या नळ्या पाठीवरील टोपलींत घालून चढ चढून घरीं यावयाचें; एवढें झाल्यावर चूल पेटे. तेव्हां त्या मुठींत धान्याबरोबर तिच्या पहांटेचाहि वांटा असे.

लुशाई टेकड्या इंग्रजांच्या अमलाखालीं आल्या त्या १८९० च्या सुमारास. जानेवारी १८९४ मध्यें जे. एच्. लोरेन व एफ्. डब्ल्यू. सॅव्हिज हे दोन इंग्रज मिशनरी तेथें पोंचले आणि त्यांनीं मिझो भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धति घालून दिली. १८९७ मध्यें वेल्श मिशनचे डी. ई. जोन्स आले, पहिल्या दोघां मिझो गृहस्थांचा बाप्तिस्मा १८९९ मध्यें झाला. पुढें मंडळी वाढूं लागली तशी पैशाची अडचणहि वाढली. समाज डोंगर भाजून फिरती शेती करणारा. घरांत धान्य असे, कोंबड्या व डुकरें असत, परंतु रोकड नाणें क्वचितच दृष्टीस पडे. सातासमुद्रांपलीकडून येणाऱ्या पैशावर कायमचें विसंबून राहणें त्या मंडळीस रुचण्यासारखें नव्हतें. ज्या समाजांत अंगचोरपणा हा मोठा दोष मानतात आणि दुसऱ्यासाठीं न सांगतां झटण्याच्या वृत्तीस ‘त्लॉमङाइह्ना’ असें स्वतंत्र नांव आहे, त्यास दुसऱ्याच्या जिवावर उपासना करणें जड जाणारच. या अडचणींतून १९१० मध्यें मूठ काढण्याची चाल सुरू झाली.

तिची व्यवस्था अगदीं साधी आहे. दिवसांतून जितक्या वेळां भात शिजेल तितक्या वेळां, घरच्या माणसांपुरते तांदूळ मोजून घेतल्यावर, त्यांतूनच एक मूठ उचलून निराळ्या भांड्यांत टाकावयाची. ‘त्यांतूनच’ हा शब्द महत्त्वाचा. कोठारांतून जादा मूठ काढणें निराळें आणि शिजणाऱ्या भातांतून ती कमी करणें निराळें. दुसऱ्या रीतींत घरांतील प्रत्येकाचा एखादा घांस देणगींत पडतो. ठरलेल्या दिवशीं मंडळींतील स्त्रिया आपापल्या वस्तींतील घरोघर फिरून हा तांदूळ गोळा करतात. मग तो चर्चमध्यें एकत्र करून विकावयाचा. पुष्कळदां विकत घेणारींहि मंडळींतलींच घरें असतात, म्हणजे तांदूळ पुन्हां त्याच वस्तीच्या चुलीवर चढतो आणि पैसा तेवढा मंडळीच्या पेटींत राहतो. मंडळीच्या कामास आणि दूरदूरच्या प्रांतांत पाठविलेल्या प्रचारकांच्या निर्वाहास त्याचा आधार होतो.

हिशेब करून पाहिला तर या मुठीचें बळ कळून येतें. एक मूठ सुमारें ५० ग्रॅमांची धरली व दोन वेळां भात शिजतो असें मानलें, तर एका घरचे वर्षाचे तांदूळ साडेछत्तीस किलो होतात. शंभर घरांच्या वस्तीचे ३,६५० किलो. २०११ च्या शिरगणतींत मिझोरामची लोकसंख्या जेमतेम अकरा लाख भरली, व तींत शेंकडा ८७ लोक ख्रिस्ती. एवढ्याशा प्रांतांतून या मुठींचें उत्पन्न आज वर्षास कित्येक कोटी रुपयांच्या घरांत जातें.

महाराष्ट्रांतील श्रोत्यांस येथें पैसाफंडाची आठवण झाल्यास नवल नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं गांवोगांव हिंडून एकेक पैसा जमविला आणि त्यांतून १९०८ मध्यें तळेगांवास कांचेचा कारखाना उभा राहिला. कल्पना एकाच जातीची, परंतु भेद आहे तो लहान नव्हे. पैसा मागावयास माणूस दारांत यावा लागतो व तो घरच्या कर्त्या पुरुषाच्या खिशांतून निघतो. मूठ निघते ती स्वयंपाकघरांत, आणि ती काढण्याकरितां गृहिणीस कोणाची परवानगी लागत नाहीं.

या गोष्टीस मिझो समाजांत विशेष अर्थ होता. बाईचें शहाणपण पाणवठ्याच्या पलीकडे जात नाहीं, अशी त्या समाजांत एक जुनी म्हण आहे. घरावर, शेतावर, पशूंवर हक्क पुरुषाचा. स्त्रीच्या नांवें देण्यासारखें कांहींच नसे. तिच्या हातीं निर्वेधपणें असलेली एकच वस्तु म्हणजे शिजवावयाच्या तांदळाचें माप. तेवढ्या मापांतून तिनें मंडळीचा खजिना भरला. असें असूनहि धर्मोपदेशकाची दीक्षा दीर्घ काळपर्यंत पुरुषांसच मिळत राहिली. ज्यांच्या मुठीवर व्यासपीठ उभें राहिलें त्यांची जागा व्यासपीठाखालींच, हा विरोध त्या मंडळीच्या इतिहासांत सहजासहजीं झांकतां येण्यासारखा नाहीं.

प्रथेची खरी कसोटी तर आरंभींच लागली. मिझो डोंगरांत बांबूचीं वनें सुमारें अठ्ठेचाळीस वर्षांनीं एकदम फुलतात व मरतात. फुलांमागून फळें येतात, तीं खाऊन उंदरांची अतोनात वाढ होते, आणि फळें संपलीं कीं ते उंदीर शेतांवर व कोठारांवर तुटून पडतात. यास ‘मौताम’, म्हणजे बांबूचें मरण, असें म्हणतात. मूठ काढण्याची चाल पडली १९१० मध्यें, आणि मौताम आला १९११-१२ मध्यें. लोक रानांतील कंदमुळें उकरूं लागले. पुढें १९५९ मध्यें मौताम पुन्हां आला. त्या दुष्काळाच्या असंतोषांतून राजकीय चळवळ उठली, १९६६ मध्यें बंडाचा वणवा पेटला आणि १९८६ च्या करारापर्यंत त्या डोंगरांस स्वस्थता लाभली नाहीं. २००७ च्या सुमारास बांबू तिसऱ्यांदा फुलला. एवढ्या अवधींत मुठीची प्रथा मात्र मेली नाहीं.

अर्थात् तिच्यावर आक्षेपच नाहीं असें समजूं नये. ज्या घरांत महिन्याचें धान्य महिनाभर पुरत नाहीं, तेथील मूठ आणि सुखवस्तु घरांतील मूठ दिसावयास सारखी असली तरी वजनास सारखी नव्हे. शिवाय तांदूळ मागावयास शेजारीणच दारांत उभी राहिली कीं रिकामें भांडें दाखविण्याचा संकोच कोणास होणार नाहीं? प्रेमाची देणगी आणि शिरस्त्याची पट्टी यांतील अंतर फार थोडें असतें, व प्रथा जितकी जुनी तितकें तें अधिक अस्पष्ट होतें. परंतु या पट्टीस दर नाहीं. मूठ ज्याच्या त्याच्या हाताएवढी, आणि ती किती घट्ट आवळावी हेंहि ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें.

ऐझॉल आतां शहर झालें आहे. डोंगरउतारावर कांक्रीटचीं घरें एकावर एक चढलीं आहेत, उखळाची जागा गिरणीनें घेतली आहे, चुलीच्या जागीं गॅस आला आहे, आणि ताटांतील पुष्कळसा तांदूळ तर परप्रांतांतून मालमोटारींनीं येतो. तरीहि कित्येक घरांत तांदळाच्या डब्याशेजारीं दुसरा एक लहान डबा ठेवलेला असतो. स्वयंपाक करणारी बाई माप भरून घेते, त्यांतून एक मूठ त्या डब्यांत टाकते, आणि उरलेले तांदूळ धुवावयास घेते.