पंडिता रमाबाई आणि बिशपांची आज्ञा

पंडिता रमाबाईंचें नांव निघालें म्हणजे बहुतेक श्रोत्यांना शारदासदन, केडगांवची 'मुक्ति' किंवा १८९३ सालीं पुण्यांत उठलेलें वादळ आठवतें. त्याच्या आठ वर्षें आधीं इंग्लंडांत झालेला एक वाद मात्र फारसा कोणाच्या ध्यानांत नसतो. तो सभेंत झाला नाहीं, वर्तमानपत्रांत गाजला नाहीं. चेल्टनहॅम आणि वाँटेज या दोन गांवांमध्यें टपालानें तो चालला. एका बाजूस २७ वर्षांची एक ब्राह्मण विधवा. दुसऱ्या बाजूस तिला बाप्तिस्म्यापर्यंत नेणारी, वाँटेजच्या मठांतील जोगीण भगिनी जेराल्डीन, आणि तिच्या पाठीशीं इंग्लंडच्या चर्चची सारी अधिकारपरंपरा. प्रश्न थोडक्यांत असा होता कीं, ख्रिस्ती झालेल्या मनुष्यानें आज्ञा पाळावयाची ती देवाची, कीं देवाच्या वतीनें बोलणाऱ्या धर्माधिकाऱ्यांची ?

हा प्रश्न रमाबाईंना इंग्लंडांत सुचला नाहीं. तो त्या लहानपणापासून बरोबर घेऊनच तेथें गेल्या होत्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला होता. गंगामूळच्या अरण्यांतील आश्रमांत शास्त्रीबोवा नसले म्हणजे लक्ष्मीबाई त्यांच्या शिष्यांना पाठ देत. पुढें घरदार सुटलें आणि कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडूं लागलें. मद्रासकडील दुष्काळांत जवळचें होतें तें दानदक्षिणा, व्रतें आणि अनुष्ठानें यांत संपलें; देव प्रसन्न होतील या आशेवर उपास घडले आणि मग नुसतेच उपास राहिले. १८७४ सालीं वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली. मरणापूर्वीं शास्त्रीबोवांनीं सर्वांत धाकट्या रमेला जवळ घेऊन सांगितलें कीं, तुला देवाच्या हातीं दिलें आहे, तूं त्याची आहेस आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. म्हाताऱ्या बापानें मुलीला ना कोणा गुरूच्या स्वाधीन केलें, ना एखाद्या पंथाच्या. ही आठवण रमाबाईंनीं पुढें आपल्या 'साक्षीं'त १९०७ सालीं लिहून ठेवली. तेव्हां त्या बापाचा धर्म सोडून चोवीस वर्षें झालीं होतीं, पण त्याचा निरोप त्यांनीं सोडला नव्हता.

कलकत्त्यास 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्यावर धर्मशास्त्राचे ग्रंथ त्यांच्या हातीं आले. हे ग्रंथ इतर बहुतेक बाबतींत एकमेकांस छेद देतात, परंतु स्त्रियांना व शूद्रांना कमी लेखण्याच्या कामीं त्यांचें एकमत होतें, असें त्यांना आढळलें. १८८२ सालीं पति वारले. पुढल्या वर्षीं दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें विलायतेस गेल्या. ऐकूं कमी येत असल्यामुळें तो मार्ग बंद झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें मायलेकींनीं बाप्तिस्मा घेतला. नीळकंठशास्त्री, म्हणजे ख्रिस्ती झाल्यानंतरचे नेहेम्या गोऱ्हे, यांच्या लेखनानें त्यांची बौद्धिक खात्री पटविली होती. जेराल्डीनबाईंना त्या 'आजीबाई' म्हणून हांक मारीत, आणि ती हांक शेवटपर्यंत टिकली.

खटका उडाला तो एका अगदीं व्यवहारी गोष्टीवरून. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत रमाबाई शिकत होत्या आणि तेथील प्रमुख मिस डोरोथिया बील यांचा त्यांच्यावर लोभ होता. त्यांनीं तरुण पुरुषांनाही भारतीय भाषा शिकवाव्या असा विचार निघाला. मुंबईचे बिशप माइल्न आणि लाहोरचे बिशप फ्रेंच या दोघांनींही त्याला हरकत घेतली. हिंदुस्थानांत याचा परिणाम वाईट होईल, आपल्या लोकांत तिचें वजन राहणार नाहीं, अशी त्यांची समजूत. त्या लोकांपैकींच एक असलेल्या बाईला हा उपदेश व्हावा, यांतला विनोद बिशपांच्या ध्यानीं आला नसावा. रमाबाईंनीं उलट कळविलें कीं, आपली आई पुरुषांना शिकवीत असे, आपणही शिकविलें, आणि त्यावर ना वडिलांची हरकत होती ना पतीची. मग इंग्रज मंडळींनीं ती घ्यावी याचें नवल वाटतें.

येथून वाद धर्माच्या गाभ्याकडे वळला. बाप्तिस्म्याच्या वेळीं इंग्लिश चर्चच्या उपासनापुस्तकाप्रमाणें जो मतांगीकार विचारला जातो, तो प्रेषितांचा; छोटा आणि साधा. त्याखेरीज अथनाशियसच्या नांवानें चालत आलेला एक लांबलचक मतांगीकार आहे, आणि त्यांत त्रैक्याचा सिद्धांत बारीकसारीक भेदांसह सांगून, जो हें मानणार नाहीं त्याचा नाश होईल, असें बजाविलें आहे. रमाबाईंनीं बायबल काळजीपूर्वक वाचलें होतें. त्यांत हे शब्द त्यांना सांपडेनात. ख्रिस्ताच्या मंडळीचें सभासदत्व त्यांना मान्य होतें, परंतु पाद्र्यांच्या किंवा बिशपांच्या मुखांतून निघणारा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून उचलणें त्यांना मान्य नव्हतें. एका पुरोहितवर्गाच्या जोखडांतून मोठ्या कष्टानें मान सोडविल्यावर लगेच दुसऱ्या तसल्याच जोखडांत ती घालण्याची आपली तयारी नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. मनोरमेला कोणता धर्मपाठ द्यावा यावरूनही कुरबुर झाली. क्रुसावर लॅटिन अक्षरें कशासाठीं, असाही त्यांचा प्रश्न होता. एक अगम्य पवित्र भाषा मागें टाकून दुसरी अगम्य पवित्र भाषा गळ्यांत बांधून घेण्यांत त्यांना अर्थ दिसेना.

याचा धोका काय होता, हें विसरून चालणार नाहीं. मायदेशीं माहेर उरलें नव्हतें, सासरचा आधार नव्हता, धर्मांतरामुळें जुने स्नेही दुरावले होते. परक्या देशांत जो कांहीं आसरा होता तो याच मठवासिनींचा. अशा वेळीं थोडें मान तुकवून घेणें मुळींच अवघड नव्हतें, आणि कोणी त्यांना दोषही दिला नसता.

जेराल्डीनबाईंच्या बाजूनेंही बोललें पाहिजे. एकट्या माणसानें ग्रंथ हातीं घेऊन हवा तो अर्थ काढावा, मग श्रद्धेला कांठ कोठें राहिला, ही त्यांची काळजी पोकळ नव्हती. मंडळी म्हणजे कांहीं चार अधिकाऱ्यांचा हट्ट नव्हे. अनेक शतकांच्या प्रार्थनेंतून आलेली ती ठेव आहे, असें त्या मनापासून मानीत. शिष्येंत त्यांना अहंकार दिसला आणि तो त्यांनीं बोलूनही दाखविला. परंतु त्याच बाईंनीं दोन्ही पक्षांचीं पत्रें जपून ठेवलीं, नकलून काढलीं, आपल्याविरुद्ध जाणारींही गाळलीं नाहींत. तो संग्रह १९७७ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला, म्हणूनच हा वाद आज वाचतां येतो.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या. एवढ्यावर कथा संपली असती, तर ती केवळ एका बाणेदार बाईची कथा ठरली असती. परंतु बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनीं त्यांना स्वतःविषयींच एक गोष्ट उमगली: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाहीं. बिशपांचा अधिकार नाकारतांना त्यांनीं जो आधार धरला होता, तो बऱ्याच अंशीं आपल्या बुद्धीचा होता. देवावर भार टाकणें ही निराळी गोष्ट होती. हें ध्यानीं येण्यास विल्यम हॅस्लॅम या इंग्रज पाद्र्याचें आत्मवृत्त कारणीभूत झालें. हे गृहस्थ दीक्षा घेऊन कित्येक वर्षें चर्चची सेवा करीत होते, आणि खरें परिवर्तन झालें तें आपलेंच प्रवचन चालू असतां. दीक्षा एक आणि प्राप्ति दुसरी, हें रमाबाईंना एका दीक्षितानेंच शिकविलें. त्रैक्याविषयींची शंकाही पुढें मावळली. पण ती कोणाच्या हुकुमानें मावळली नाहीं.

१८९३ सालीं हाच बाणा पुण्याला जाचला. शारदासदनांत धर्माच्या बाबतींत तटस्थता राहील असें आश्वासन होतें. रमाबाई आपल्या खोलींत दार उघडें ठेवून प्रार्थना करीत, मुली आपण होऊन येऊन बसत, आणि त्या दार लावून घ्यावयास तयार नव्हत्या. रानडे, भांडारकर प्रभृतींनीं सल्लागार मंडळ सोडलें, पालकांनीं कित्येक मुली काढून नेल्या. लहान वयाच्या, सर्वस्वीं आश्रित अशा मुलींच्या बाबतींत उघडें दार हें खरोखर किती उघडें असतें, हा त्या पालकांचा प्रश्न रास्त होता, असें आजही म्हणावें लागतें.

तोच प्रश्न केडगांवीं अधिक मोठा झाला. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं शेंकडों मुली आणल्या, १९०० च्या सुमारास गुजराथेंतून आणखी आणल्या, आणि 'मुक्तीं'तली वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. पैशासाठीं प्रार्थनेवरच विसंबावें, असा क्रम त्यांनीं पुढें ठेवला. मात्र या वस्तींत रमाबाईंचा शब्द शेवटचा होता. ज्या बाईनें बिशपांची आज्ञा मानली नाहीं, तिची आज्ञा दोन हजार बायकामुली मानीत होत्या.

याच काळांत त्यांनीं जें काम हातीं घेतलें, तें पाहिल्यावांचून हा हिशेब पुरा होत नाहीं. उतारवयांत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून सबंध बायबल मराठींत आणण्यास बसल्या. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, 'मुक्तीं'तल्या कुणबिणीला तें कोणी तरी फोडून सांगावें लागतें, हें त्यांचें दुखणें होतें. संस्कृतांत सभा जिंकलेल्या पंडितेनें एकेक संस्कृत शब्द हुडकून काढून टाकावा आणि त्या जागीं चुलीपाशीं, शेतांत बोलला जाणारा शब्द बसवावा, असें हें काम पंधराहून अधिक वर्षें चाललें. छपाई केडगांवच्याच छापखान्यांत झाली, आणि खिळे जुळविणाऱ्या हातांत त्याच दुष्काळांतून आलेल्या मुलींचे हात होते. मनोरमा १९२१ सालीं वारली; ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही गेल्या. ग्रंथ संपूर्ण बाहेर पडला तो १९२४ सालीं. चर्चमधून मात्र तो फारसा रुळला नाहीं. तेथें जुन्याच भाषांतराचें वाचन चालू राहिलें.